आला बघ गळका!

परवा दाढीला बसलो होतो. मिरजकर तिकटीच्या अलीकडचं आमचं नेहमीचं सलून, आरशाच्या वर टीव्ही, टीव्हीवर मॅच. फेस लावून झालेला, वस्तारा गळ्यापाशी आलेला, तेवढ्यात ओव्हर संपली आणि अ‍ॅड लागली. सलूनवाले मामा थांबले. वस्तारा आहे तिथंच, माझी मान वर, आणि मामा टीव्हीकडं बघत म्हणतात, "हलू नका वाईच सर, ह्याचं बघू दे." मी हलणार तरी कसा! मघाशी विकेट पडली तेव्हा ह्या माणसाचा हात थांबला नव्हता, सगळं दुकान ओरडलं तरी हा आपला कल्ले सारखे करत होता, आणि आता गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या अ‍ॅडसाठी मात्र थांबला.

अ‍ॅडमध्ये तसं काही नाही. नवीन घर दाखवायला पाहुणे बोलावलेत, मेहुणा छताकडं बोट दाखवून स्लॅबचं कौतुक करतोय, घरमालक सोफ्यावर चहाचा कप घेऊन बसलाय. वरनं एक थेंब टप्पकन चहात पडतो. दुसरा कुणी नट असता तर त्यानं वर बघितलं असतं, डोळे मोठे केले असते, तोंडाचा चंबू केला असता. हा वर बघतच नाही. हा आधी चहाकडं बघतो, मग मेहुण्याकडं, मग कपाखालची बशी अलगद काढून कपावर ठेवतो. झाकण. आणि "हो ना, हो ना" अशी मान हलवत राहतो. दुसरा थेंब बशीवर पडतो तेव्हा तो आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून बरोब्बर त्याच वेळी खोकतो. बास. पुढं कंपनीचा डबा येतो, टोल फ्री नंबर येतो, ते कोण बघतंय.

"काय करतंय ओ हे बेणं," मामा म्हणाले आणि वस्तारा परत चालू झाला. "नाव काय ह्याचं?" मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाले, "तुमी लिवता-बिवता की ओ, तुमास्नी पण म्हाईत न्हाई?" शेजारच्या खुर्चीवरनं आवाज आला, हा त्या बँकेच्या अ‍ॅडमध्ये पण असतोय, पासबुक उलटं धरतोय बघा. बाकड्यावरचा कॉलेजचा पोरगा म्हणाला, ढेकरवाल्या अ‍ॅडमध्ये पण हाच. आणखी एकजण, पंक्तीत जिलेबी रुमालात बांधतोय तो? तो वेगळा रे. नाही, हाच. म्हणजे बघा, त्या चार खुर्च्यांच्या दुकानात ह्या माणसाचं सगळं काम लोकांना पाठ, कुठल्या अ‍ॅडमध्ये मिशी होती आणि कुठल्यात नव्हती इथंपर्यंत पाठ, आणि नाव एकालाही सांगता येईना.

हे डोक्यातनं जाईना.

आमच्या घरात त्याला "गळका" म्हणतात. आईनं ठेवलेलं नाव. आईला सिरियली आवडत नाहीत, बातम्या तर अजिबात नाही, पण अ‍ॅड ती मन लावून बघते, आणि हा दिसला की स्वयंपाकघरात हाक जाते, "आला बघ गळका!" मग बायको हातातली लाटणी घेऊनच दारात येते. बँकेची अ‍ॅड असो नाहीतर पोटाच्या गोळीची, तो आमचा गळकाच. एकदा तो एका साबणाच्या अ‍ॅडमध्ये नुसता मागच्या बाल्कनीत उभा होता, फोकस पण नव्हता त्याच्यावर, तरी आईनं ओळखला. म्हणाली, "उभा कसा राहिलाय बघ, बायकोनं काहीतरी सांगितलंय आणि हा विसरलाय." आणि खरंच तसाच उभा होता हो तो. एका हातात पँट, दुसरा हात डोक्यावर अर्धवट वर नेलेला. त्या अ‍ॅडमध्ये त्याला काही काम दिलंच नसणार, पाठीमागं माणूस पाहिजे म्हणून उभा केला असणार. पण त्यानं तिथं सुद्धा आपला एक संसार उभा केला.

आता हिशेब बघा. आपल्याकडं टीव्हीवर सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे तीस सेकंदांच्या अ‍ॅडला ७५० फ्रेम झाल्या. त्यातल्या शेवटच्या शंभर-सव्वाशे त्या डब्याच्या, लोगोच्या. बाकीच्यातल्या बहुतेक घर दाखवण्यात, पाहुणे बसवण्यात जातात. म्हणजे ह्या गड्याला स्वतःचे म्हणून मिळतात चार-पाच सेकंद. तेवढ्यात हा माणूस कोण, पगार साधारण किती, घरी कुणाचं चालतं, कर्ज काढून घर बांधलंय आणि आता मेहुण्यासमोर इज्जत जायची वेळ आलीय, हे सगळं कळायला पाहिजे, वर हसू यायला पाहिजे, आणि परत ते पुढचे दोन महिने दिवसातनं दहा वेळा बघितलं तरी यायला पाहिजे. हे शेवटचं सगळ्यात अवघड. व्हॉट्सअ‍ॅपवरचा जोक दुसऱ्यांदा आला की आपण न वाचता पुढं सरकतो. आणि तो खोकला मी किती वेळा ऐकलाय देव जाणे, अजून हसू येतंय. मला वाटतं तो "बघा, मी विनोद करतोय" असं कधीच सांगत नाही त्यामुळं असेल. त्याला खरंच वाटतंय की बशीनं आजची वेळ निभावेल.

माझा एक मित्र आहे, शाळेपासूनचा, तो मध्ये काही वर्षं मुंबईत ह्याच नादात होता. इथं राज्य नाट्य स्पर्धेत कामं करायचा, केशवराव भोसलेच्या स्टेजवर पहिला हशा घेतलेला. त्याच्या मते त्या नाट्यगृहातला हशा वेगळाच ऐकू यायचा, मागनं पुढं यायचा. (२०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री ते जळालं तेव्हा हा गडी शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूला उभा राहून रडत होता. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. असो, तो विषय काढला की दिवस जातो.) तर त्याला विचारलं, अ‍ॅडवाल्यांचं नेमकं कसं असतं रे. म्हणाला, "भावा, वर्सोव्याला आरामनगर म्हणून आहे, तिथं सकाळी जायचं आणि लाईनीत उभं राहायचं. 'कॉमन मॅन, चाळीस ते पंचेचाळीस' असा निरोप आलेला असतो. गेलास की बघायचं, लाईनीत सगळे तूच! तसलंच पोट, तसलीच मिशी, तसलाच चौकड्याचा शर्ट. एकमेकांकडं बघून हसायला पण येत नाही." मग आत कॅमेऱ्यासमोर नाव सांगायचं, उंची, वय, डावीकडनं तोंड दाखवायचं, उजवीकडनं दाखवायचं, हात पुढनं-मागनं दाखवायचे. एकदा घाबरून करा, एकदा चिडून करा, आता काहीच करू नका. हे "काहीच करू नका" म्हटलं की निम्मे गार पडायचे असं तो म्हणतो, कारण नाटकवाल्या माणसाला काहीच न करणं शिकवलेलंच नसतं.

आणि समजा मिळालं काम, तर एक-दोन दिवसांचं शूटिंग. मॉनिटरपाशी एजन्सीची माणसं आणि कंपनीची माणसं बिस्किटं खात बसलेली, त्यांचं अर्धं लक्ष डब्यावरचं लेबल सरळ आहे का ह्याच्याकडं. वर शिडीवर आर्टवाला ड्रॉपर घेऊन थेंब सोडायला बसलेला, थेंब कधी कपाबाहेर, कधी शर्टवर, कधी बरोबर कपात पण तेव्हा मेहुणा चुकलेला. ह्या सगळ्यात चहा गार होऊन साय धरलेली, आणि तो खोकला प्रत्येक वेळी पहिलाच वाटला पाहिजे. पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, त्यातनं को-ऑर्डिनेटरचं कमिशन जातं. करार असतो ठराविक मुदतीचा, तेवढे दिवस दुसऱ्या कुठल्या तसल्याच कंपनीचं काम करायचं नाही. मुदत संपली आणि कंपनीनं वाढवली नाही की अ‍ॅड बंद, एका रात्रीत गायब. पिक्चर निदान कुठंतरी सापडतो. अ‍ॅड गेली की गेली. मित्राला विचारलं, ह्याचं नाव काय रे? म्हणाला, "बघितलाय की, लाईनीत माझ्या पुढं उभा होता एकदा. आम्ही वडापाव पण खाल्ला. नाव नाही विचारलं. तिथं कोण विचारतंय."

मी नेटवर पण शोधलं. अ‍ॅडच्या धंद्यातल्या लोकांच्या साईट असतात, नवीन अ‍ॅड आली की तिथं माहिती येते. एजन्सी कुठली, क्रिएटिव्ह हेड कोण, अकाउंट कुणी सांभाळलं, प्रॉडक्शन हाऊस, डायरेक्टर, कॅमेरामन, एडिटर, म्युझिक. सगळी नावं. अ‍ॅडमध्ये जो दिसतो त्याचं नाव बहुतेक वेळा नाही. स्टार असेल तर हेडिंगमध्येच असतं, आपला गळका असेल तर कुठंच नाही. फेविकॉलची ती बसची अ‍ॅड आठवते ना, २००२ च्या आसपासची? वाळवंटातनं जाणारी ती बस, टपावर माणसं, मागं माणसं, दोन्ही बाजूंना लोंबकळणारी माणसं, खड्ड्यातनं आपटत चाललीय आणि एक पण पडत नाही. एक शब्द बोलत नाही कुणी. आमच्याकडं वडापच्या जीपमध्ये कोंबून गेलेल्या प्रत्येकाला ती अ‍ॅड आपलीच वाटलेली. २०२५ च्या ऑक्टोबरात ती अ‍ॅड करणारे पियूष पांडे गेले तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडनं परत तीच आली, आणि बरोबर होतं ते, मोठा माणूस, त्यांनी आणि त्यांच्या भावानं, प्रसून पांडेंनी, जी काही कामं केलीत त्याला तोड नाही. पण त्या दिवशी मी ती अ‍ॅड थांबवून थांबवून बघितली आणि बसवरच्या एकेका चेहऱ्याकडं बघत बसलो. कंटाळलेले, पेंगणारे, कुठंतरी दूर बघणारे. कुणीही "बघा, मी चिकटलोय" असं दाखवत नाही. हे लोक कोण असतील? आणि २००९ च्या आयपीएलला व्होडाफोनच्या अ‍ॅडमध्ये ते पांढरे झूझू आले होते, पोरांना कार्टून वाटायचे, ती तर पार दक्षिण आफ्रिकेत त्या पोशाखात घुसलेली खरीखुरी माणसं होती. त्यांचं नाव सोडा, तोंड पण दिसलं नाही.

आता मी पडलो कोल्हापूरचा. इथं बाबूराव पेंटरांनी कॅमेरा तयार केला, प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथं निघाली आणि मग पुण्याला गेली, ह्या गोष्टी आमच्याकडं पोराला बाराखडीच्या आधी शिकवतात, त्यामुळं पिक्चरशी लांबचा का असेना संबंध असलेला माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. आमच्या पेठेत एक तात्या होते. भालजी पेंढारकरांच्या कुठल्याशा पिक्चरमध्ये ते मावळा होते. गर्दीतला मावळा, संवाद नाही, नाव नाही, जयप्रभा स्टुडिओत सकाळी जायचं, मंदिल बांधायचा, तलवार घ्यायची आणि ओरडत पळायचं. पण तात्या उभा जन्म त्या एका दिवसावर जगले. पानपट्टीवर, लग्नात, मयतीला सुद्धा "हे आमचे तात्या, भालजींच्या पिक्चरला होते" अशी ओळख व्हायची. तो पिक्चर एकदा टीव्हीवर लागला तेव्हा गल्ली गोळा झालेली. लढाई आली, धूळ उडाली, तात्या उठून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो, ह्यो, घोड्याच्या मागनं." तिथं धुळीशिवाय काही नव्हतं. "दिसलो का?" सगळे म्हणाले, दिसला की तात्या. मी पण म्हणालो.

त्या तात्यांना गल्लीबाहेर कुणी बघितलं नाही, पण नाव सगळ्यांना ठाऊक, अजून निघतं. आणि ह्या गड्याला देश बघतोय रोज जेवताना.

पण मग गणपत पाटील पण आठवतात. ते पण कोल्हापूरचेच. तमाशाच्या पिक्चरमधला नाच्या म्हटलं की तेच, "आत्ता गं बया" म्हणलं की थिएटर पडायचं. नाव झालं, तोंड झालं, आणि त्याचीच शिक्षा झाली. लोक त्या माणसाला घरी-दारी नाच्याच समजायचे, पोराबाळांच्या बापाला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल. माझे वडील सांगायचे की पडद्यावर हसणारे लोक रस्त्यात पण हसायचे, आणि ते हसणं वेगळं असायचं. म्हणजे ओळख झाली की ती पण फुकट मिळत नाही. कुणास ठाऊक, आपला गळका निवांत भाजी आणायला जात असेल आणि त्याला ते बरंच वाटत असेल. भाजीवाली म्हणत असेल, कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय तुम्हाला. हा म्हणत असेल, बँकेत असेन. खोटं पण नाही ते.

मागच्या वर्षी तो मला एका वेब सिरीजमध्ये दिसला. मी उठून बसलो, आईला हाक मारली. पोलीस इन्स्पेक्टर, चांगला मोठा रोल, टेबलावर हात आपटून लांबलचक संवाद. आणि खरं सांगू, तसं काही विशेष नव्हतं. वाईट नव्हता, पण असा इन्स्पेक्टर दुसऱ्या कुणी पण केला असता. आई दोन एपिसोड बघून म्हणाली, "ह्याला बोलायला लावलं आणि वाट लावली." मला वाईट वाटलं, कारण त्याच्या दृष्टीनं तो मोठा ब्रेक असणार, घरी पेढे वाटले असतील, आणि आम्ही इथं बसून त्याला परत बशीखाली पाठवायला निघालोय. पण मग वाटलं, आपण असं का धरून चालतो की छोटं काम ही मोठ्या कामाची पायरीच असते? जत्रेत बघा. नारळावरच्या कुस्त्या सुरू होतात तेव्हा मैदान निम्मं रिकामं, लोक भजी खात असतात, आणि त्यात एखादी काटकुळी पोरांची जोड अशी चटकदार लागते की बघणारा गप होतो. मग रात्री एक नंबरची कुस्ती, मोठे पैलवान, मोठं इनाम, पाऊण तास नुसती मनगटं धरून खडाखडी आणि शेवटी बरोबरीत सोडवतात. घरी जाताना लोक बोलतात मात्र त्या पोराच्या एकचाक डावाबद्दल. त्याला कुणी असं म्हणत नाही की तू मोठा झाल्यावर बघू.

ह्या पावसाळ्यात ती अ‍ॅड परत लागलीय, पण दहा सेकंदांची करून. असं करतात, आधी तीसची दाखवायची आणि लोकांच्या डोक्यात बसली की कापून वीसची, दहाची, पैसे वाचतात. तर कापणाऱ्यानं काय कापावं? खोकला! थेंब आहे, बशी आहे, लगेच डबा. आई भयंकर चिडलीय. तिचं म्हणणं, खोकल्याशिवाय बशीला काय अर्थ आहे, नुसती बशी ठेवली तर तो गृहस्थ चिकट वाटतो. एडिटिंगवर एवढं नेमकं बोलणं मी फिल्म सोसायटीत पण ऐकलेलं नाही. आणि डबा मात्र दहामधले चार सेकंद खातोय. त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका अ‍ॅडमध्ये आता एक क्रिकेटर घेतलाय. तो गच्चीवर उभा राहून पावसाला बॅट दाखवतो. डोळे तिसरीकडंच, समोरचं वाचतोय हे कळतंय. त्याच्या मागं घरमालक म्हणून कोण उभा आहे ते सांगायला नको. क्रिकेटर बोलत असताना तो हळूच पायानं बादली सरकवतो.

दूरदर्शनवर १९७६ साली जाहिराती सुरू झाल्या. एवढ्या वर्षांत कुणाला असं वाटू नये की खाली कोपऱ्यात एक नाव टाकावं? तासाला १२ मिनिटांच्या वर जाहिराती नकोत असा नियम आहे, तो कोण किती पाळतो ते आपण बघतोच, पण त्या बारा मिनिटांत अटी लागूची चांदणी बसते, म्युच्युअल फंडवाल्याचं ते एका दमातलं स्तोत्र बसतं, "हे स्टंट घरी करू नका" बसतं. दोन शब्दांचं नाव बसत नाही? बारीक अक्षरात टाका, वाचू आम्ही. सलूनमधला मामा वस्तारा थांबवून वाचेल.

हे सगळं मी जेवताना आईला तावातावानं सांगत होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव कळून काय करणार आहेस? जेवायला बोलवणार आहेस त्याला?" म्हटलं, बोलवलं तर काय बिघडलं. तर म्हणाली, "बोलव की. मटण आणा, तांबडा-पांढरा करते. पण त्या ढेकराच्या अ‍ॅडमधलं खरं असंल तर त्याला आपलं तिखट झेपतंय का तेवढं आधी विचारून घे."